साहेब पासवर्ड विसरले

शेजारच्या प्लॉटवर इमारत चढू लागली आणि आमच्या घरातला मोबाइलचा सिग्नल गेला. एकदम नाही गेला. एकेका स्लॅबबरोबर एकेक खोली गेली. आधी स्वयंपाकघर, मग माझी खोली, शेवटी हॉल. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत तेव्हा हेच चाललं होतं. पाऊस नीट पडून खूप काळ लोटला होता, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि इमारती मात्र वाढत होत्या. बांधकामासाठी रोज टँकर यायचा. संध्याकाळी हिरव्या जाळीमागं कुणीतरी नव्या भिंतींवर पाइपनं पाणी मारत असायचं. आई तेवढा वेळ त्या बाजूची खिडकी लावून घ्यायची.

सिग्नल गेल्यावर बाबांनी वायफाय घेतलं. पासवर्ड त्यांनी स्वतःच ठरवला आणि कुणालाही सांगितला नाही. माझ्या फोनमध्येसुद्धा त्यांनी स्वतः घातला, तोही माझ्याकडं पाठ करून. आईकडं बटणांचा फोन होता, त्यामुळं तिचा प्रश्नच नव्हता. मला वाईट वाटलं नाही. मीही तशीच आहे. माझ्या कपाटाला कुलूप नव्हतं, पण मला ते हवं होतं.

इमारतीच्या वॉचमनची बायको आमच्या कंपाउंडला लागून पत्र्याच्या खोलीत राहायची. माझ्याहून थोडी मोठी असेल. जालन्याकडच्या कुठल्याशा गावची. गावात पाणी नव्हतं, पण इथं पत्र्यात ऊन फार म्हणून लहान मुलीला तिनं गावीच आपल्या आईकडं ठेवलं होतं. नळ लांबला की ती आमच्या आईला बिल्डरच्या टाकीतून हंडा भरू द्यायची. ही गोष्ट बाबांना माहीत होती, पण माहीत नसल्यासारखे ते वागायचे.

एकदा ती फोन घेऊन फाटकाशी आली. "काकू, नेटचा नंबर द्या की. पोरीला बघायचं व्हतं. इथं रेंजच लागंना."

आईनं आत बघितलं. हॉलमधून बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "विसरले म्हणून सांग."

"अगं, साहेब पासवर्ड विसरले बघ," आई म्हणाली.

"इसरत्यात मान्सं. आठवला की सांगा."

तोंडावर नाही म्हणायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. पाहुण्याला, भाडेकरूला, वर्गणीवाल्यांना, कुणालाच आम्ही नाही म्हणत नसू. कुणीतरी बाहेरगावी गेलेलं असायचं किंवा काहीतरी विसरलेलं असायचं. पण ती बाई चिकाटीची होती. हंडा भरून देताना विचारायची, "आठवला का साहेबाला?" आई म्हणायची, "नाही गं अजून." पुढं पुढं घरातही त्याची थट्टा झाली. बाबा जेवायला बसले की म्हणायचे, "काय, आठवला का मला?" आणि आई म्हणायची, "तुम्हाला माझं नाव आठवतंय तेवढं पुरे." नंतर कधीतरी तिनं विचारणं बंद केलं. आम्हाला सुटल्यासारखं झालं.

त्याच उन्हाळ्यात मला पुण्याच्या एका कंपनीकडून मुलाखतीची मेल आली. घरूनच, लॅपटॉपवर, दुपारी चारला. मी घरात कुणालाही सांगितलं नाही.

आधीच्या मुलाखतीचं मी सांगितलं होतं. आईनं ते सिल्लोडच्या मावशीला सांगितलं, मावशीनं आणखी कुणाला. शहागंजात आम्ही कापड घ्यायचो त्या दुकानदारानं गठ्ठा सोडता सोडता विचारलं, "बेटी, नौकरी का क्या हुआ?" झालं काहीच नव्हतं. त्या ऑनलाइन मुलाखतीत मला पहिला प्रश्न विचारला आणि माझा घसा बंद झाला. शाळा इंग्रजी माध्यमाची, उत्तर डोक्यात इंग्रजीत तयार, आणि तोंडातून शब्द येईना. समोरचे गृहस्थ "तुमचा आवाज येत नाहीये" म्हणून आपलाच हेडफोन तपासत राहिले. नंतर कितीतरी दिवस आईच्या फोनची घंटा वाजली की मी उठून आत जायचे. कुणीतरी विचारणार, आई सांगणार, आणि मग दोन्हीकडून ते कीव करणारं "हं" येणार.

म्हणून या वेळी गुपचूप. शिवाय ही नोकरी पुण्याची होती, आणि बाबांचं म्हणणं होतं की मुलीनं इथंच राहून बँकेच्या परीक्षा द्याव्यात. नापास झाले तर कुणाला कळायचं नाही, एवढंच मला हवं होतं. पास झाले तर काय करायचं, याचा विचार करायलाही मी भीत होते.

मैत्रिणीकडून लॅपटॉप मागून आणला आणि कपड्यांखाली ठेवला. बाबांकडून पासवर्ड कोणत्या बहाण्यानं घालून घ्यायचा ते मी पाठ केलं होतं. पण मुलाखतीच्या दिवशी सकाळीच सिल्लोडहून निरोप आला, बाबांचे एक लांबचे चुलते गेले. बाबा चहा न घेता निघाले. मी स्वतःला समजावलं, माझ्या फोनमध्ये नेट आहे ना, फोनवरून देऊ.

आणि दुपारी नळ आला.

ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना हे सांगायला नको. नळ आला की घरात दुसरं काही उरत नाही. आई ओरडली, मी धावले. मोटर, पाइप, ड्रम, हंडे, बादल्या, अगदी कुकरसुद्धा. ड्रमच्या तळाशी राहिलेलं जुनं पाणी आधी उपसून घ्यावं लागतं. त्यासाठी मी कमरेतून वाकले आणि कुर्त्याच्या खिशातला फोन ड्रममध्ये पडला. आवाजही मोठा झाला नाही. मी हात घातला तेव्हा तो तळाशी उजेड देत होता. बाहेर काढला आणि तो उजेड गेला.

"तांदळात ठेव," आई म्हणाली. "आणि आधी तो पाइप धर."

मी पाइप धरला. पाणी ड्रमात पडत होतं आणि मोकळ्या हातानं मी फोनचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. आईला वाटलं, मी फोनसाठी रडवेली झाले आहे. "एवढं काय तोंड पाडतेस? बाबा नवा घेतील." मी पाइप पुढच्या बादलीत सोडला. बोलले असते तर सगळंच बाहेर आलं असतं.

ड्रम भरल्यावर आईचा फोन घेऊन मी गच्चीवर गेले. तिथं अजून थोडी रेंज मिळायची. बाबांना लावला. मागं बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता.

"बाबा, वायफायचा पासवर्ड काय आहे?"

"अगं, विसरलो."

मला वाटलं, ते नेहमीचंच बोलताहेत. "बाबा, मी आहे. मला हवाय."

"खरंच विसरलो गं. एवढे दिवस विसरलो विसरलो म्हणत होतो, आता आठवायला जातोय तर काहीच येत नाहीये." मग घाईनं म्हणाले, "आल्यावर बघू. इथं आता सगळे बसलेत. कुणाला विचारत बसू नकोस, कळलं?"

फोन ठेवला. खाली येऊन राउटर उलटा करून पाहिला. मागचं लेबल कधीच खरवडलं गेलं होतं. बारीक भोकात टाचणी घातली की सगळं पहिल्यासारखं होतं, हे मला माहीत होतं. पण केबलवाल्यानं बजावलं होतं, ते दाबलं तर मी येऊन पुन्हा सगळं भरेपर्यंत नेट बंद. आणि तो कधी येईल ते त्यालाही ठाऊक नसायचं. मैत्रिणीच्या पातळ लॅपटॉपला वायर लावायची सोयच नव्हती. शेजारच्या काकूंकडं जायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार. मी टाचणी हातात धरून बसले. एकदा ती भोकापर्यंत नेली. मग परत टेबलावर ठेवली.

आई दमून आडवी झाली होती. मी कपडे बदलले, केस विंचरले, लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही. नेट नव्हतं आणि मी मुलाखतीला तयार होऊन बसले होते. आधी सुचले ते पासवर्ड घालून पाहिले. माझा वाढदिवस, आईचं नाव, गाडीचा नंबर. प्रत्येक वेळी चूक. बाबांना मी इतकी वर्षं बघत आले होते, आणि त्यांच्या मनात काय असेल याचा मला अजिबात अंदाज नव्हता. त्याचीही भीती वाटली.

तेव्हा खिडकीबाहेरून हसण्याचा आवाज आला. लहान मुलीचा, आणि थोडा तुटक.

मी पडदा जरासा सरकवला. वॉचमनची बायको आमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून, बरोबर आमच्या खिडकीखाली बसली होती. तिच्या फोनवर एक छोटी मुलगी आजीचा पदर तोंडात कोंबत होती. चित्र हलत होतं. तिथं मोबाइलची रेंज नव्हती. असती तर ती आमच्याकडं आलीच नसती. म्हणजे ती आमच्या नेटवर होती.

पहिला विचार वाईट आला. चोरलं कसं तिनं? दुसरा विचार त्याहून भीतिदायक होता. आता हिलाच विचारावं लागणार. जिला आम्ही सगळ्यांनी मिळून इतके दिवस विसरलो म्हणून सांगितलं, तिच्यासमोर उभं राहून तेच मागायचं. मी पडदा सोडला. घड्याळ पाहिलं. पुन्हा पडदा धरला. ओळखीच्या माणसाशीही आधी दोन वाक्यं मनात जुळवून बोलणारी मी. त्या वेळी मला एकही जुळवता आलं नाही. मी चप्पल घातली आणि गेले.

मला पाहून तिनं फोन पदराखाली घेतला. तीही घाबरली होती, हे मला जवळ गेल्यावर दिसलं.

"ताई," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं. "काकूला सांगू नका. म्या काय चोरी नाय केली. तुमच्या बाबांनीच घातला यात. पोरीला ताप व्हता, लई रडत व्हते मी हितं. सकाळी फिरायला निघाले व्हते, थांबले. माझ्याकडं पाठ करून घातला अन् म्हनले, घरात बोलू नको."

पाठ करून. मला खात्री पटली.

"मला तो हवाय," मी म्हणाले. "आत्ता. बाबा खरंच विसरलेत."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की फोनमधली मुलगीही हसायला लागली. "इसरले? अगं माय! आता खरंच इसरले व्हय? अन् माझ्याकडं आलात इचारायला!" मग माझं तोंड बघून थांबली. "काय झालं ताई? कुनाचं बरंवाईट?"

"नोकरीची मुलाखत आहे. घरात कुणाला माहीत नाही."

हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले, आणि तेही तिला.

तिनं मुलीला "थांब गं" म्हणून फोन माझ्या हातात दिला. सेटिंगमध्ये गेले, आमच्या नेटचं नाव उघडलं, शेअर दाबलं. माझ्या जुन्या फोनमध्ये ही सोय नव्हती, मैत्रिणीच्या फोनवर पाहिली होती. तिनं बोट टेकवून कुलूप उघडलं. काळ्या चौकटींचं चित्र आलं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत पासवर्ड. तो मी इथं लिहीत नाही. अजून तोच चालू आहे. मनातल्या मनात तो पुन्हा पुन्हा म्हणत मी घराकडं धावले. वाटेत एक अक्षर निसटलं असं वाटून थांबले, पण ते निसटलं नव्हतं.

लॅपटॉप जोडला गेला. पडद्यावर आधी माझाच चेहरा आला, ओठ पांढरे पडलेले. मग मुलाखत घेणाऱ्या बाई दिसल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला. घसा पुन्हा बंद होतोय असं वाटलं. बाहेर बांधकामावर काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून वॉचमनची बायको ओरडली, "ए, बंद कर की ते थोडा वेळ! चा पिऊन घ्या सगळे!" मिक्सर थांबला. त्या शांततेत माझा आवाज मला ऐकू आला. बारीक होता, पण होता.

संध्याकाळी बाबा आले. आंघोळ करून बाहेर आले आणि आई चहा टाकायला आत गेल्यावर हळूच म्हणाले, "आठवला नाही गं मला. तुला कशाला हवा होता?"

"मिळाला मला."

त्यांनी चटकन माझ्याकडं पाहिलं. मग खिडकीकडं. त्यांच्या चेहऱ्यावर तीच भीती होती जी दिवसभर मला होती. आता ही आईला सांगणार की काय?

"पुण्याची मुलाखत होती," मी म्हणाले. "झाली."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून खुर्चीवर टाकला. मला वाटलं, आता पुणं निघेल, बँकेच्या परीक्षा निघतील. "आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग आत्ता नको," ते म्हणाले, आणि चहा आला.

माझा फोन तांदळातून काही जिवंत झाला नाही. लॅपटॉप परत गेला. मेल बघायला माझ्याकडं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून बाबा जेवणानंतर आपला फोन माझ्यासमोर ठेवायला लागले. "बघ जरा, फार अडकतोय हा." आई म्हणायची, "त्या फोनला झालंय तरी काय एवढं?" मी मेल उघडायचे, काही नसायचं, मी फोन परत द्यायचे. "काही नाही झालेलं," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "बरं."

एका रात्री मेल होती. कंपनीचं नाव दिसलं आणि माझं बोट तिच्यावर टेकेना. मी वर पाहिलं. बाबांना कळलं होतं. ते उठून खिडकीपाशी गेले, हिरव्या जाळीकडं तोंड करून उभे राहिले, आणि मी ती उघडेपर्यंत माझ्याकडं पाठ करून राहिले.