फोनची टिकली

रुक्मीणआक्का विधवा झाल्यापासून कपाळाला काही लावत नव्हती, पण बोरीच्या बाजारातून टिकल्यांचं पाकीट न चुकता आणायची. फोन हातात घेतला की आधी कॅमेऱ्यावर टिकली. कुणी हसलं तर म्हणायची, "मला न्हाई गं, याला लावायलेय. याची नजर लय वाईट."

ही सवय तिला माझ्यामुळे लागली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आक्का माझी शेजारीण. तिची लेक पुण्यात. दोघींनी रोज तोंड पाहून बोलावं म्हणून व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप मीच घालून दिलं. रोजची खटपट नको म्हणून एकच कायमची लिंक, पासवर्ड नाही. लिंक ज्याच्याकडे, तो सरळ आत. दाराला कडीच नव्हती. नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीसाठी आक्काचा दिरावर दावा चालला होता आणि त्याची सगळी बोलणी याच कॉलवर व्हायची. दीर मी शिकवायचो त्या शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष. त्याने लिंक मागितली. मी दिली.

एकदा कॉल चालू असताना आक्काने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "मास्तर, आमी दोघीच बोलायलोत, मग हे तिसरं कोन हाय रे?"

"काही नाही आक्का, नेटमुळं तसं दिसतंय."

पुढे दिराने पारावर तिचंच बोलणं तिला शब्दाला शब्द ऐकवलं. तरी आक्का मला लिंक बदल म्हणाली नाही. त्या संध्याकाळी मात्र कॉलवर लेकीला मोठ्याने म्हणाली, "सेलूचे मामा सोमवारी साक्षीला येयलेत. देवगाव फाट्यावर उतरतील."

सोमवारी दीर मामांना अडवायला दोन माणसं घेऊन भर उन्हात फाट्यावरच्या प्रत्येक गाडीत डोकावत होता. मामा दोन दिवस आधीच येऊन आक्काकडे भाकरी खात होते. जिंतूरच्या कोर्टात साक्ष झाली. परतताना आक्काने वाट वाकडी करून गाडी फाट्यावर नेली, काच खाली घेतली.

"भाऊजी, उन्हात कामून उभे? कॉलवर नीट ऐकू आलं न्हाई काय?"

मग ती माझ्याकडे आली. माझा फोन उचलून त्याच्या कॅमेऱ्यावर टिकली दाबली. "दीर वैरी व्हता, त्यानं वैर केलं. तू कोन व्हतास रे, मास्तर?"

जमीन तिला मिळाली. मला माफी मिळाली नाही. पुढे लग्न असो, बारसं असो, मी दिसलो की तिचं ठरलेलं, "बायांनो, फोन पालथे घाला. मास्तर आलेत." सगळ्या हसायच्या. त्यामागचं कारण तिने कुणालाच सांगितलं नाही. मीही हसायचो.

गेल्या महिन्यात आक्का गेली. मी तिच्या दारातून आत पाऊल टाकलं. रडणाऱ्या बायांतल्या दोघींनी, डोळे पुसता पुसता, सवयीने फोन पालथे घातले.