फाटकाजवळच्या फेऱ्या

"ते बाई काऊन घुमून राहिली गा?"

धानाच्या पोत्यांवर बसलेल्या गाडीवानाने फाटकवाल्याला विचारलं. रेल्वेचं फाटक बंद होतं. पलीकडे मालगाडीचे डबे पुढे जात, थांबत आणि पुन्हा मागे येत. अलीकडे दोन-चार बैलगाड्या, वळलेल्या विड्यांच्या टोपल्या घेऊन कारखान्याकडे निघालेल्या बाया आणि एक सायकल-रिक्षा उभी होती. सगळे उभे होते. फिरत होते ती एकटी मी. रिक्षाच्या मागून वळायचं, लिंबाच्या झाडाला वळसा घालायचा आणि गाड्यांच्या मागच्या अंगाने पुन्हा रिक्षाकडे यायचं.

"रोजच घुमते," फाटकवाला म्हणाला. "कुडव्याची मास्तरीण हाये."

"पण कायले?"

"शिकली-सवरली हाये ना गा. तिले कोन पुसते?"

मी काहीच ऐकलं नाही असा चेहरा करून पुढची फेरी सुरू केली. एक बकरी आडवी आली. मी घंटी वाजवली, बकरी हलली नाही, शेवटी मीच हँडल वळवलं. विड्यांच्या टोपलीवाल्या दोघी एकमेकींना कोपर मारून हसल्या. शाळेची घंटा व्हायची वेळ जवळ येत होती आणि मी वेगाने, घाम गाळत, कुठेही जात नव्हते.

कारण साधं होतं. मला सायकलवरून उतरता येत नव्हतं. चढता येत होतं, चालवता येत होतं. पण उतरायला पायाखाली ओटा, पार किंवा पुलाचा कठडा लागायचा आणि फाटकाजवळ यातलं काही नव्हतं.

ही सायकल माझ्यासाठी शोधली होती. शोधणाऱ्यांत मी नव्हते.

मी जबलपूरला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. त्या शाळेत बोलण्याआधी हात वर करायचा आणि नाव घेतल्यावरच उभं राहायचं. गोंदियाला परत आले तेव्हा लक्षात आलं, की इथे सगळे एकदम बोलतात आणि वर केलेला हात बघायला कोणाला सवड नाही. माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं. ते मराठीत आणेपर्यंत समोरच्याची पाठ दिसायची. मग मी बोलणंच कमी केलं. लोक म्हणायचे, मुलगी शांत आहे. मी शांत नव्हते. माझे पाय पाटावर बसूनसुद्धा हलत राहायचे. आई म्हणायची, "पाय हलवू नकोस, लक्ष्मी जाते."

कुडव्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली, तेव्हा पहिल्यांदा त्या पायांना जायला एक ठिकाण मिळालं. बाबा मालधक्क्यावर कारकून होते. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण अट घातली.

"पायी एकटी जाणारी मुलगी लोकांना दिसते," ते म्हणाले. "सायकलवरची निघून जाते. सायकलवर जमत असेल तर कर नोकरी. नाहीतर घरीच बरं."

यावर मोठेबाबांनी मान डोलावली. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते दवनीवाड्याला शेती पाहायचे आणि बाजाराच्या दिवशी, रविवारी, आमच्याकडे यायचे. त्यांनी मान डोलावली म्हणजे गोष्ट ठरली.

आधी एक जुनी विलायती सायकल पाहिली. रेल्वेतल्या गोऱ्या साहेबाची बायको देश सोडताना ती कोणाला तरी देऊन गेली होती. सायकल देखणी होती, पुढे वेताची टोपली होती. पण ती बाई ताडासारखी असावी. सीटवर बसल्यावर माझे पाय हवेत लोंबकळले. बाबा लांबून म्हणाले, "उंची जरा कमी पडते." सायकलची नव्हे, माझी.

मग बाबा, मोठेबाबा आणि मी बाजारातल्या सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार गल्ल्यावरूनच मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाला, "बहनजी के लिए? हो जाएगा, सब हो जाएगा." मी भिंतीशी उभी राहिले. माझ्यासमोर तिघांनी माझी सायकल ठरवली.

आमच्या घरी कोणतीही वस्तू नेमक्या मापाची घेत नसत. शिंप्याकडे गेलं की बाबा म्हणायचे, "वाढत्या अंगाचं शिवा." माझे सगळे फ्रॉक दुमडलेल्या काठांचे असायचे. बुटांच्या टोकात आई कापूस भरायची. कापूस काढायची वेळ यायची तोवर बूट फाटायचे. आता मी बाविशीची झाले होते आणि साडी नेसत होते. पण बाबांनी दुकानात इकडून तिकडे पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "जरा मोठीच द्या. पुढे लहान नको व्हायला."

दुकानदाराने होकार दिला. मोठेबाबांनी खाली वाकलेल्या दांडीवरून हात फिरवला. ती बायकांची सायकल होती, पण आडवी दांडी नसल्याने धोतरवाल्यालाही सोयीची.

"मलेही चालन," ते म्हणाले. "बाजारच्या दिवशी हे सायकल घरीच राहीन, तं मी एक पोतं टाकून आणीन. कॅरिअर मजबूत लाव गा."

"माझी रात्रपाळी असली की मलाही धक्क्यावर नेता येईल," बाबा म्हणाले.

अशा रीतीने ती सायकल घरातल्या सगळ्यांच्या मापाची झाली. राहिले मी. माझ्यासाठी पायडलला लाकडी ठोकळे ठोकले. दुकानदार म्हणाला, "आदत हो जाएगी, बहनजी." माझा हात अर्धवट वर गेला होता. त्याला वाटलं मी नमस्कार करते आहे. त्यानेही हात जोडले.

ठोकळ्यांनी पाय पोचले. पण लोक उतरतात ते पायडलवर उभे राहून, आणि ठोकळ्यावर पूर्ण भार दिला की तो गर्रकन फिरायचा. मैदानात शिकताना पहिल्यांदा उतरायला गेले, तेव्हा ठोकळा फिरला आणि मी साडीसकट चाकात गेले. मोठेबाबा धावले. आधी त्यांनी कॅरिअर वाकलं का ते पाहिलं, मग मला उठवलं.

"कायले भेतेस पोरी? पडल्याबिगर कोनाले येते?"

मला भीती वाटत नव्हती. मला हे सांगायचं होतं, की पुन्हा पडले तरी ठोकळा फिरणारच. पण ते तोवर सायकल पुसायला लागले होते.

मग मी माझी एक रीत काढली. घरून निघताना ओट्यावरून चढायचं. पहिला थांबा राइस मिलचा पोती चढवायचा-उतरवायचा धक्का. दुसरा नाल्यावरच्या पुलाचा कठडा. तिसरा आंब्याखालचा पार. शेवटचा शाळेचा ओटा. या चार ठिकाणी मी थांबू शकत होते. बाकी सगळा रस्ता थांबण्यासाठी माझा नव्हता. ओळखीची बाई भेटली, कोणी हाक मारली, साडीचा काठ साखळीपाशी गेला, तरी पुढचा थांबा येईपर्यंत चालवत राहायचं. वाटेवरचं काहीच मी नीट पाहिलं नाही. धान कापून शेतं मोकळी झाली, लाखोळीचं पीक हिरवं झालं. माझी नजर पुढच्या उंचवट्यावर. रात्रीचं जेवण जेवतानाही माझ्या मनात कठडे आणि पार येत-जात राहायचे.

आणि मध्येच ते फाटक. उघडं असलं तर ठीक. बंद असलं तर फेऱ्या.

गाडीवानाने विचारलं त्या दिवशी फाटक उघडलं तेव्हा मी नेमकी उलट्या तोंडाने लिंबापाशी होते. वळून येईपर्यंत बैलगाड्या पुढे शिरल्या. त्यांच्यामागून जाताना इतकं हळू चालवावं लागलं, की सायकल डुलायला लागली. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. हेडमास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

पण खरा घोटाळा पुढच्या आठवड्यात झाला.

पुलाच्या आणि पाराच्या मध्ये हेडमास्तर रस्त्यात उभे दिसले. हातात छत्री, काखेत कागदांची गुंडाळी. मला पाहून त्यांनी हात वर केला.

"बाई, जरा थांबा!"

थांबायला पार पन्नासेक पावलांवर होता. मी ठरवलं, तिथे उतरू आणि चालत मागे येऊ. त्यांच्या अगदी शेजारून जाताना काहीतरी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, पण वाक्य अजून इंग्रजीतच होतं. नुसतीच मान हलवली आणि पुढे गेले. पारापाशी पाहिलं तर पाराच्या कडेला तीन माणसं पाय सोडून तंबाखू मळत बसलेली. टेकायला जागाच नाही. त्यांनी पाय वर घेतले असते, पण तेही सांगावं लागलं असतं. मी त्यांच्यासमोरून गेले. मागून आवाज आला, "मास्तराले पाहूनही नाही थांबली!"

मग थेट शाळेच्या ओट्यावर उतरले.

हेडमास्तर धुळीने भरलेल्या पायांनी आले. "आम्ही रस्त्यात हात करून उभे," ते वर्गाच्या दारातून म्हणाले, "आणि तुम्ही भुर्रकन निघून गेलात. इंग्रजी शाळेत असंच शिकवतात का?"

मुलं माझ्याकडे पाहत होती. सगळं उत्तर माझ्यापाशी तयार होतं, चुकीच्या भाषेत. मी खडू उचलला आणि फळ्याकडे वळले. ते त्यांना आणखीच लागलं असणार.

रविवारी ते बाजारात बाबांना भेटले. बाबा घरी येऊन पिशवी न ठेवताच उभे राहिले.

"हेडमास्तर म्हणतात, मुलगी हुशार आहे, पण घमेंडी आहे. उशिरा येते, हाक मारली तर ओळख देत नाही. होळीनंतर दुसरी बाई बघतो म्हणतात. काय केलंस तू?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"बोल ना!"

मोठेबाबा पाटावर बसून भात कालवत होते. "भेते ते," ते म्हणाले. "सायकल मोठी वाटून राहिली तिले. ठोकळे जाडे करून घ्या. न जमन तं राहू द्या नोकरी. पोरीच्या जातीले कायले पाहिजे एवढी धावपळ?"

शेवटचं वाक्य त्यांनी मायेनेच म्हटलं, भाताकडे बघत. होळीनंतर मी पुन्हा या स्वयंपाकघरात पाय हलवत बसलेली असणार होते आणि कोणीतरी पुन्हा लक्ष्मी जाते म्हणणार होतं.

संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. सायकल बाबांनी हातात धरून आणली, मी मागे. मोठेबाबाही आले, कॅरिअर घट्ट करून घ्यायचं होतं.

"ठोकळे जाड करा," बाबा म्हणाले. "अजून दोन बोटं."

"तीन कर दें?" दुकानदार म्हणाला. "बहनजी आराम से बैठेंगी, महारानी के माफिक."

दुकानात टायर घ्यायला आलेले दोघे हसले. दुकानदार जाड फळी शोधू लागला. ते बोलत असताना मी भिंतीशी उभी राहिले, माझ्या नेहमीच्या जागी. तिथे, जुन्या टायरांच्या मागे, एक सायकल टेकवून ठेवलेली होती. हिरव्या रंगाची, लहान चाकांची, दांडी पार खाली वाकलेली. शाळकरी मुलींची. घंटीवर एक फूल रंगवलेलं. तिच्यावर धूळ होती, म्हणजे बरेच दिवस कोणी मागितली नव्हती.

मी तिचं हँडल धरलं. मग टायर बाजूला केले. कोणाचं लक्ष नव्हतं. मी पदर खोचला, साडी सावरली आणि तिच्यावर बसले. दोन्ही चपला जमिनीला लागल्या, टाचांसकट.

किती दिवसांनी मी सायकलवर बसून हलत नव्हते. दुकानाच्या आत, रबराच्या वासात, नुसती बसून होते आणि माझे पाय स्वस्थ होते.

"अरे, वो बच्चों की है, बहनजी!" दुकानदार ओरडला. "टूटेगी नहीं, मगर लोग हँसेंगे."

"उतर खाली," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. ते मला रागवत नव्हते, त्यांना लाज वाटत होती. "मास्तरीण आणि पोरींच्या सायकलवर? शाळेतली मुलं काय म्हणतील?"

"धानाचं पोतं तं सोडच," मोठेबाबा म्हणाले, "त्याच्यावर कोंबडं नाही बसाचं."

टायरवाले मोठ्याने हसले. दुकानदारही हसला. फाटकाजवळ टोपलीवाल्या दोघी जशा हसल्या होत्या, तसंच हे हसू होतं. ते तर मी रोजच झेलत होते, आणि त्याच्या बदल्यात मला नुसत्या फेऱ्या मिळत होत्या.

बाबांनी माझा दंड धरला. वाक्य नेहमीसारखं इंग्रजीत तयार व्हायला लागलं. मी ते तसंच सोडून दिलं. हात वर केला नाही. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट ठेवले आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

"बाबा, मी आता वाढणार नाही. मला थांबता आलं पाहिजे. हीच घ्या."