नख न शिरणारं दार

दुसऱ्या महायुद्धाची लढाई लागली आणि इंग्लंडातल्या हाय विकम गावात खुर्च्या करणाऱ्या हातांना विमानं करायला बसवलं. लाकडाचं, दोन इंजिनांचं मॉस्किटो. एडिथ प्लमरिजला त्यात काही नवल वाटलं नाही. तिचा बाप आणि वारलेला नवरा, दोघांचाही जन्म खुर्च्या करण्यात गेला होता. लाकूड ते लाकूड. बापाने तिला एकच कसोटी शिकवली होती: सांध्यात अंगठ्याचं नख शिरलं, तर काम पुन्हा करायचं.

तिचा एकुलता एक मुलगा लेन मॉस्किटोतच वैमानिकाशेजारी नकाशा घेऊन बसायचा. काचेच्या नाकाच्या, बंदुका नसलेल्या विमानात. उंचावरून फोटो काढायचे आणि पळून यायचं. एडिथही त्याच जातीच्या विमानांवर काम करी. बाया चिडवायच्या, "एडी, पोराचा पाळणा सांधतेयस की काय?" ती हसायची. तेवढाच जिवाला आधार.

हिवाळ्यात ते काम आटलं. आता हवी होती भरीव नाकाची, चार तोफांची, बॉम्ब नेणारी विमानं.

"अंग तेच गं, नाक तेवढं बदललं," मुकादम स्टॉलवुड म्हणाला.

पण दारही बदललं होतं. जुन्यात पोटाखालून चढायचे. यात उजव्या कुशीला छोटंसं दार. ते बसवायचं काम एडिथकडे आलं.

पुढच्या रजेत लेन चहा ओतून घेत म्हणाला, "आई, मलाही तोफवाल्यावर टाकलंय. समुद्रावरून, अगदी लाटांना लागून जायचं."

"दार तुझ्याच बाजूला ना रे?"

"हो. तू बसवलेलं असलं, तर वारासुद्धा लागायचा नाही मला!"

त्या दिवसापासून तिने प्रत्येक दारात जीव ओतला.

मार्चमध्ये लेनच्या तळावरचा अधिकारी टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. विमान समुद्रात उतरलं होतं. "लाकूडच ते, बोट पोचेपर्यंत तरंगत होतं. एक सांधा सुटला नव्हता, मिसेस प्लमरिज."

"आणि पोरं?"

"आतच होती. टपावरची, बाहेर पडायची झडप चेपली होती."

"दार होतं की."

"आमच्या लोकांना कुऱ्हाडीने फोडावं लागलं."

ते दार तिचं की दुसऱ्या कुणाचं, कोण सांगणार? दार धक्क्याने अडकलं असेल, पाण्याने फुगलं असेल. एडिथने स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता: तिच्याच घट्ट दाराने लेनला कोंडलं.

सोमवारी कारखान्यात तिने नव्या दाराची चौकट कानशीने घासघास घासली. स्टॉलवुडने नख लावून पाहिलं. शिरलं.

"एडी, हे काय? एवढ्या वेगात दार उडून जाईल. पोरं मरतील."

लेनचं त्याच्या कानावर आलंच होतं. आवाज उतरवून तो म्हणाला, "घरी जा बाई आज."

"घरी कोण आहे?"

तिने लाकडाची पातळ पट्टी कापली, सरस लावला, फट बुजवली. सुकल्यावर अंगठ्याचं नख लावून पाहिलं. शिरलं नाही. मग तिने पुढचं दार घेतलं.