बारा वाजताचा उपग्रह

आमच्या समोर राहणारे भूगोलाचे सर वर्ध्यात बसून समुद्राचा अभ्यास करत. उपग्रहाने टिपलेली अरबी समुद्राची रंगीत चित्रं त्यांनी बैठकीत भिंतभर चिकटवली होती. मे महिन्यात आम्ही नळापाशी बादल्या घेऊन ताटकळत उभे, आणि सर सांगत, "अरबी समुद्र लय तापून राह्यला, भाऊ!" नळाचं विचारलं की तोंड फिरवत.

दोन हजार साल उजाडलं तरी खरा समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मीच त्यांना ओढत कोकणात नेलं. किनाऱ्यावर हे बूटमोजे घालून उभे. मी पँट दुमडली, तसे ओरडले, "थांबा! बारा वाजता उपग्रह जाते वरून. पाणी गढूळ नका करू."

"सर, चित्रातल्या एका ठिपक्यात आपली अख्खी कॉलनी मावते, असं तुम्हीच सांगतलं ना?"

"तरी पण."

मी उन्हात शेंगदाणे खात बसलो. साडेबाराला सरांनी आभाळ नीट न्याहाळलं, बूट काढले आणि ते घोटाभर पाण्यात उतरले. पहिली लाट आली तसं त्यांनी माझं मनगट करकचून धरलं.

"हात सोडू नका, भाऊ. आता वरून कोणी पाहून नाई राह्यलं."