बयाबाईच्या परातीतल्या अळ्या

कोडोलीत दाढ दुखली की दवाखाना कुणाला आठवायचा नाही, बयाबाई आठवायची. रविवारी सकाळी तिच्या सोप्यात गाल धरून बसलेली माणसं मावायची नाहीत. तापलेल्या खापरीवर ती भुईरिंगणीचं बी आणि तेल टाकायची, माणसाच्या डोक्यावर घोंगडं घालायची आणि त्याला धुरात आ वासून वाकवायची. खाली पाण्याची परात. तो खोकून अर्धमेला झाला की घोंगडं उचलायची. परातीत बारीक पांढऱ्या अळ्या तरंगत असायच्या. "बघ, किती कीड हुती!" ती म्हणायची. बऱ्याच जणांची दाढ पुन्हा ठणकायची, मग पथ्य मोडल्याबद्दल बोलणी त्यांनाच.

ही विद्या तिला सासूकडून मिळालेली. सासू गेल्यावर एकदा घरात कुणी नसताना तिनं सहज खापरी तापवली. घोंगड्याखाली माणूस नाही, दाढ नाही, तरी परातीत अळ्या पडल्या. बी तडकून आतला कोंभ उडत होता आणि पाण्यात पडला की अळीसारखा दिसत होता. तिनं ते पाणी उकिरड्यावर ओतलं आणि तोंड मिटून घेतलं. तरण्याताठ्या विधवेला गाव 'आक्का' म्हणून मान देत होतं, तो तिला सोडवेना. हे मला कसं कळलं, ते पुढं येईलच.

तिला एकच मुलगा, आकाराम. टेम्पो चालवायचा आणि जाईल तिथं आईची जाहिरात करायचा. अठ्ठ्याण्णव साली दिवाळीनंतर त्याचीच दाढ ठणकायला लागली. चहाचा घोट घेतला की गुरासारखा ओरडायचा. गार पाण्याची चूळ तोंडात धरली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, म्हणून तांब्या घेऊनच फिरायचा. शेवटी बायको शालन त्याला भांडून कोल्हापुरात राजारामपुरीत डॉक्टर नागसेन कांबळ्यांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी दाढेवर टकटक केलं, गरम लावून पाहिलं, बर्फ लावून पाहिला, फोटो काढला. म्हणाले, "दाढेच्या आतली नस सडत चालली आहे. आजच ती काढून आतून साफ करू, दाढ वाचेल. आणि एक ध्यानात ठेवा. दुखणं आपोआप थांबलं तर बरं झालं समजू नका. नस मेली म्हणून ते थांबतं. मग पू जबड्यात उतरतो."

आकाराम खुर्चीतून उठलाच. "डॉक्टर, माझी आई आख्ख्या तालुक्याची कीड काढती. मीच हितं मशीन मारून घेतलं तर लोक काय म्हणतील?"

शालननं घरी येऊन भरल्या सोप्यात सासूला सगळं सांगितलं. "आत्ती, तुम्ही सांगा की त्यास्नी. तुमचं ऐकतील."

गाल धरून बसलेली सगळी माणसं बयाबाईकडं बघत होती. 'जा डॉक्टरकडं' एवढं म्हणायचं होतं. पोटच्या पोराचा प्रश्न होता. ती आकारामला म्हणाली, "बस खाली." आणि त्याच्या डोक्यावर घोंगडं घातलं. मला त्या बाईचा मनापासून राग आहे, तो इथला आहे.

दोन-तीन दिवसांत ठणका थांबला. आकाराम पानपट्टीवर उभा राहून डॉक्टरांची नक्कल करू लागला. बयाबाई मात्र सकाळी त्याला कढत चहा द्यायची, वर गार पाणी द्यायची आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. "गरम लागत न्हाय, गारबी लागत न्हाय. आई, तुझा हात म्हंजे हात!" तो म्हणायचा. तिला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. तरी ती कपबशी उचलून आत जायची.

मग हनुवटीखाली सूज आली. गळा फळीसारखा टणक झाला, जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळवेना. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत श्वास अडकत होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुणाला दाखवलं होतं?"

"गावातल्या एका बाईला," बयाबाई म्हणाली. दुपारी आकाराम गेला.

दिवसकार्य झालं आणि रविवारी सोपा पुन्हा भरला. बयाबाई दारात येऊन किंचाळली, "कीडबीड काय न्हाय! बी हाय ते, बी! राजारामपुरीला जावा!" आजवरचं सगळं तिनं ओरडून सांगितलं; मला कळलं ते तिथंच. कुणी हलेना, तेव्हा सगळ्यांसमोर, कुणालाही न वाकवता, पाण्याच्या परातीवर बी जाळलं. अळ्या पडल्या. "सांगा आता, कुणाच्या दाढंतनं आल्या ह्या?"

"आकारामच्या असतील," एक म्हातारी हळहळून म्हणाली. "र्‍हायल्या असतील त्याच्या."

बायकांनी डोळे पुसले. शेजारचा बाळासो सुजल्या गालाची पोरगी कडेवर घेऊन आला होता. तो म्हणाला, "पोरगा गेल्यानं डोस्कं फिरलंय आक्काचं. कामाला लावा, मन रमंल." दोघींनी बयाबाईला दंडाला धरून खापरीपुढं बसवलं. बी तिच्या मुठीत भरलं आणि मूठ तापल्या खापरीवर धरून उघडली. बाळासोनं रडणाऱ्या पोरीवर घोंगडं टाकलं.

थोड्या वेळानं तो परातीत वाकून आनंदानं ओरडला, "बघा आक्का, इद्या गेली न्हाय तुमची!"

घोंगड्याखाली पोरगी अजून खोकत होती.