शकूनचं घर आणि मागच्या ओसरीतलं अस्वल

पोंभुर्ण्यात आमच्या घराला सगळे 'अस्वलाचं घर' म्हणतात, आणि त्यात अस्वलाचा काही दोष नाही.

मी वनपाल म्हणून रिटायर झालो तेव्हा सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली. घर विकत घ्यायचं ठरलं. पण आमच्या शकूनबाईंना (म्हणजे आमच्याच सौभाग्यवती, दुसऱ्या कोणी नाहीत) घर पसंत पडेल तर शपथ! एकाच्या स्वयंपाकघरात अंधार, एकाच्या अंगणात ऊन नाही, एकाच्या शेजारणीचा आवाज मोठा. (हे शकून म्हणाली. मी फक्त ऐकलं.) क्वार्टरवाले रोज विचारायला लागले, तेव्हा कुठे वासुदेवभाऊंचं घर दिसलं. भाऊ मुलाकडे नागपूरला निघाले होते. समोरून पक्कं बांधकाम, मागे कवेलूची (म्हणजे कौलांची) ओसरी, सागाचे खांब, पुढे वालाच्या वेलाला जागा. शकून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली ती हलेचना.

"अजी, हेच घर पायजे मले. इथी मी मरेपर्यंत भात रांधीन."

इतक्या मायेनं ती लग्नानंतर माझ्याबद्दलही कधी बोलली नव्हती! तेव्हाच मी मनाशी ठरवलं, काहीही होवो, हे घर हातचं जाऊ द्यायचं नाही.

आता बयाना देण्याआधी घराची तपासणी तर करायलाच हवी. ती कोणाकडून, यावर आमच्याकडे रामायण झालं.

"चंद्रपूरवरून इंजिनियर बोलवा," शकून म्हणाली.

"कायले? भिंतीले टिचक्या मारून फी घेऊन जाईन थो."

"मंग माह्या भावाले सांगू? थो वास्तू पाहाते."

तिचा भाऊ वास्तू पाहतो तो मोबाईलवर, स्वतः अहेरीत बसून. मागच्या वेळी त्याच्या सांगण्यावरून आम्ही कपाट हलवलं, आणि त्यामागचं भगदाड साऱ्या पाहुण्यांना दिसलं! तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "तपासणी मीच करतो."

"तुमी?"

"उभी नोकरी जंगलात काढली न मी! लाकूड माह्यापेक्षा कोणाले समजते?"

"अजी, झाड वेगळं अन् घर वेगळं."

"सागवान उभं असलं काय अन् आडवं असलं काय, सागवानच!"

शकूननं कपाळाला हात लावला. "जा मंग. पण पहिले पायाची नखं कापा. लोकाच्या घरी चप्पल काढा लागते. कसे दिसून राह्यले थे!"

"आपल्याले घर पाहाचं हाये, माहे पाय नाई," मी सुनावलं आणि टेप खिशात घातला. आयुष्यात बायकोला दिलेलं ते माझं सगळ्यात महाग उत्तर.

वासुदेवभाऊंकडे आमचं जंगी स्वागत झालं. पार्बताबाईंनी (त्यांच्या मंडळींनी) घर पाहायला माणसं येणार म्हणून सकाळीच मागची ओसरी शेणामातीनं लख्ख सारवली होती. बाया स्वयंपाकघरात गेल्या, भाऊ चहाचं दूध आणायला गेले, आणि मी चप्पल दारात काढून एकटाच मागे शिरलो.

माझी पद्धत खात्यातली. झाडाची गोलाई मोजतात ती छातीच्या उंचीवर, म्हणून मी प्रत्येक खांबाला कवटाळून छातीच्या उंचीवर टेप गुंडाळला. मान वर करून कवेलू पाहिले. मान वर असली की पायाखाली काय आहे ते दिसत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. कोपऱ्यातल्या खांबावर मातीची नळी चढलेली दिसली. ती किल्लीनं उकरली, तर आत उधई! लाकूड पोखरणारा हा किडा घरात असणं फार वाईट. भाऊंना सांगू, असं ठरवलं आणि तणसाच्या (भाताच्या पेंढ्याच्या) खोलीत शिरून, तिच्या दुसऱ्या दारानं फरशीवरून पुढच्या अंगणात आलो.

"या जी साहेब, पाय धुवा," भाऊ तांब्या घेऊन उभेच होते. मी पाय धुतले, पोहे खाल्ले, चहा घेतला. वर पुन्हा पोहे खाल्ले. मग भाऊंना उधई दाखवायला मागे नेलं.

आणि जागच्या जागी थिजलो.

ओल्या सारवणावर पावलं उमटली होती! रुंद, सपाट, पाच बोटं, तळव्याला खळगा म्हणून नाही. आणि प्रत्येक बोटापुढे नखाची खूण! मी खाली बसलो. पावलं एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे, प्रत्येक खांबाजवळ अंग घासल्यासारखी घोटाळलेली. शेवटच्या खांबाशी उधई ताजी उकरलेली!

"भाऊ," मी हळू आवाजात म्हणालो, "हलू नका. अस्वल."

"अस्वल? इथी?"

"उधई म्हंजे अस्वलाचा जीव की प्राण! पाहा न कसं उकरून खाल्लं. मागच्या पायाचा ठसा हाये हा, पक्का."

(ती उधई मीच उकरली होती हे मला आठवत नव्हतं का? आठवत होतं हो! पण अस्वल एकदा डोक्यात शिरलं की किल्लीला कोण विचारतो!)

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. मी पावलांचा माग काढला. ती तणसाच्या खोलीत गेली होती. आणि बाहेर आली नव्हती!

"आतच हाये," मी म्हणालो. नोकरीभर ज्याची वाट पाहिली तो क्षण रिटायर झाल्यावर आला होता. मी स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली.

"अजी, काऊन कोंडून राह्यले आमाले?" आतून शकून ओरडली.

"अस्वल हाये! चूप बसा दोघी!"

"कुठी अस्वल? मले पाहू द्या!"

"पाहाची गोष्ट नाई हे!"

मी ऑफिसला फोन लावला. माझ्या हाताखाली तयार झालेला मडावी जीप, पिंजरा, जाळी आणि फटाके घेऊन आला. त्याच्यामागे अर्धं पोंभुर्णं आलं. माणसं भिंतीवर चढली, एक जण आंब्यावर चढला, आणि कोणीतरी गर्दी पाहून फुगे विकायला आलं!

मडावीनं ठसा निरखून पाहिला. "सर, तुमीच शिकवलं होतं. रुंद पंजा, सपाट तळवा, नखं पुढे. हे तर बहुत मोठं अस्वल दिसते जी! म्हातारं असन."

"म्हातारं काऊन?"

"पाय फताडे टाकून राह्यलं न थे."

गर्दीतून "बापा!" असा हुंकार उठला. वासुदेवभाऊ ओट्यावर मटकन बसले. "साहेब, आता माहं घर कोण घेईन? पोरानं तिकडे सारं ठरवलं हाये. सारं गाव पाहून राह्यलं!" तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की यांच्याबरोबर माझीही वाट लागली आहे. अस्वल येतं अशा घरात शकून भात रांधणार कशी? आणि हे घर गेलं तर ती मला रांधून घालणार कशी? पण आता माघार कशी घेणार!

तणसाच्या खोलीच्या एका दाराला पिंजरा लावला. दुसऱ्या दाराशी मडावीनं फटाक्यांची लड पेटवली. धडाधड आवाज! आत तणस खसखसलं. "आलं! आलं!" गर्दी मागे सरली. आंब्यावरचा माणूस आणखी वर चढला.

आणि धूर फाडत, सगळ्यांना शिव्या घालत, बाहेर आली एक खुडूक कोंबडी. सरळ पिंजऱ्यात गेली. दार खाडकन पडलं.

कोणी हसलं नाही. म्हणजे लगेच नाही.

"अस्वल पसार झालं," मी ठामपणे म्हणालो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारावर असा दणका बसला की कडी निखळून पडली. (दारं मजबूत, कडी कच्ची, हे मात्र माझ्या तपासणीत सुटलं होतं.) शकून पदर खोचून तरातरा आली. "कुठी हाये तुमचं अस्वल?"

मी ठशाकडे बोट दाखवलं. शकून वाकली. एका ठशावरून दुसऱ्यावर गेली. करंगळीशी थांबली. मग उभी राहिली आणि माझ्याकडे असं पाहिलं की अस्वल परवडलं असतं.

"अजी, पाय ठेवा इथी."

"कायले?"

"ठेवा म्हन्लं न!"

मी पाय ठेवला. साऱ्या पोंभुर्ण्यासमोर! तो ठशात असा बसला जसं झाकण डब्यावर. बाहेर वळलेली करंगळी, सपाट तळवा, आणि पुढे नखं. सगळं जागच्या जागी.

"सकाळीच म्हन्लं होतं," शकून म्हणाली, "नखं कापा."

मग मात्र हसू फुटलं. भिंतीवरचे खाली पडले. मडावीनं टोपी तोंडावर धरली, पण त्याचे खांदे हलत होते. फक्त वासुदेवभाऊ हसत नव्हते.

"साहेब," ते उठून म्हणाले, "अस्वलाचं घर म्हनून बदनाम केलं तुमी. आता कोणी पाहाले बी येनार नाई. तुमालेच घ्या लागन!"

"घेतोच आमी, भाऊ," शकून पटकन म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की मला माझं अस्वलपणही गोड वाटलं. "पण पहिले चंद्रपूरचा इंजिनियर येईन."

"येऊ द्या, बाई. कोणीही येऊ द्या. फक्त साहेबाले आणू नका!"

इंजिनियर आला. त्यानं सगळं पाहिलं आणि तो कोपऱ्यातला खांब आतून पार पोकळ असल्याचं सांगितलं. भाऊंनी खांब बदलून दिला, उधईचं औषध मारून दिलं, आणि बयाना झाला. ज्या एका गोष्टीसाठी तपासणी करायची होती ती मला पहिल्याच फेरीत सापडली होती. मी तिला अस्वलाचा नाश्ता समजलो!

आता शकून त्या खिडकीशी उभी राहून भात रांधते आणि मी अंगणात वालाच्या वेलाखाली बसतो. परवा गॅसवाला फाटकाशी आला. नवीन असावा. बिचकतच त्यानं विचारलं, "काकाजी, अस्वलाचं घर हेच काय जी?"

मी तोंड उघडायच्या आत खिडकीतून आवाज आला.

"हव बापू, हेच! ये बिनधास्त, काही करत नाई थे. वेलाखाली बसलं हाये, पाह. अन् येता येता त्याले नेलकटर दे, ओट्यावर ठेवलं हाये."