रेवदंड्याचा बावटा

देव मी फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवले होते. बायको माघात गेली, आणि कार्तिक उजाडला तरी मला त्यांच्यासमोर निरांजन लावावंसं वाटेना. घरात दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याच्या अलीकडे, कार्ल्याच्या डोंगराजवळ, एका लहानशा तारघरात मी तारमास्तर होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक माझी होती, गावाची नव्हे.

पुण्याहून मुंबईकडे जाणारी तार घाटात वाऱ्यापावसाने बिघडली, की पुण्याचे निरोप आमच्याकडे यायचे आणि मी ते दुसऱ्या तारेने खाली पनवेलकडे ढकलायचो. त्यांत वादळाच्या तारांचा मान पहिला. दर्यात वादळ कुठे आहे, कुठल्या दिशेने सरकतंय, वारा किती जोराचा, कुठल्या बंदरांनी बावटा चढवायचा, एवढाच मजकूर. बावटा म्हणजे धोक्याची खूण. तो वर दिसला की कोळी होडी सोडत नाहीत. गंमत अशी, की 'समुद्र खवळलेला राहील' हे शब्द मी कितीदा वाजवले असतील त्याला गणती नाही, पण समुद्र डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. माझ्या लेखी ती नुसती टकटक होती.

आम्हा तारवाल्यांना लांब नावं तोडायची खोड. 'तळे' म्हणजे तळेगाव, 'लोण' म्हणजे लोणावळा. फक्त वादळाच्या तारेत बंदराचं नाव तोडायचं नाही, असा सक्त नियम होता. त्या दिवशी सकाळी सातला पुण्याहून वादळाची तार आली तेव्हा माझं डोकं जड होतं. झोप कित्येक दिवस नीट नव्हती. उतरून घेताना हाताने सवयीने नावं तोडली. वहीत लिहिलं 'रेव', आणि पुढे पाठवताना त्याचं 'रेवस' केलं, कारण रेवसला आमच्याकडून तारा नेहमी जायच्या. एक काम उरकलं म्हणून मी चहा टाकला.

साडेदहाच्या सुमारास आमचे म्हातारे शिपाई धोंडीआबा आत आले. "मास्तर, भाईर एक कोळीण आलीया. लय भिजलीया. तार करायची म्हनती."

बाई चाळिशीची असेल. लुगडं निथळत होतं आणि मुठीत अंगाऱ्याची पुडी होती. कोळ्यांची एकवीरा आई दर्या सोडून आमच्या डोंगरात कशाला येऊन बसली, अशी थट्टा मी पूर्वीही करायचो. बायको गेल्यापासून त्या थट्टेत कडूपणा आला होता.

"नव्या होडीचा कौल घ्यायला आयलंय," ती म्हणाली. "फूल डावीकडं परलं. घरधन्याला तार कर, होडी सोडू नको म्हनून. दुपारच्या वोहटीला सगल्या होड्या जानार हायत."

मला हसू आलं. "बाई, फुलाचं काय घेऊन बसलीस? वादळाची तार मी सकाळीच धाडलीय. तुमच्या बंदरावर बावटा चढलासुद्धा असेल."

"रेवदंड्याला?" तिने विचारलं.

"रेव..." म्हणालो, आणि शब्द तोंडातच अडकला.

वही उघडली. 'रेव' माझ्याकडे बघत होतं. पुण्याला विचारलं, बंदराचं नाव पुन्हा सांगा. उत्तर एकेक अक्षर करत आलं: रेवदंडा. लगेच पनवेलला हाक घातली, तर ती तार गप्प. तीनदा नाव पुरतं वाजवलं, पोच नाही. बाईला काय झालं ते कळलं असावं. अंगाऱ्याची पुडी तिने खिडकीतून माझ्या टेबलावर सरकवली आणि डोळे मिटून उभी राहिली. चौथ्यांदा पोच आली. त्यानंतर तासाभरात ती तारही पडली, ती दोन दिवस उठली नाही. याला चमत्कार म्हणा, असा माझा आग्रह नाही. घडलं ते लिहिलं.

तार उठल्यावर पनवेलच्या तारमास्तरने कळवलं, की रेवदंड्याच्या होड्या काठावरच राहिल्या. एक मात्र त्या दिवशी सकाळीच गेली होती. बावटा नाही, मग थांबायचं कशाला, म्हणून गेली. ती परत आली नाही. त्यानंतर चार महिने मी जेवत होतो, काम करत होतो, एवढंच.

चैत्रातल्या यात्रेला ती बाई आली. सोबत तिची धाकटी जाऊ होती, कपाळ मोकळं. बुडालेली होडी तिच्या नवऱ्याची होती.

"तू होतास म्हनून गाव वाचला," म्हणत बाईने माझ्यापुढे नारळ ठेवला. तो घ्यायला माझा हात पुढे होईना. मी सगळं सांगून टाकलं, त्या तोडलेल्या नावासकट. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "मना कशाला सांगतंस? हिला सांग."

जावेने सारं ऐकलंच होतं. तिने एवढंच विचारलं, "तार वेलेवर गेली असती, त तो थांबला असता?"

त्याची होडी सात वाजायच्या आधी सुटली की नंतर, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. 'नसता थांबला' म्हणालो असतो तर मी सुटलो असतो; कदाचित तिलाही बरं वाटलं असतं. पण ती अंगाऱ्याची पुडी अजून माझ्या टेबलावर होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

मग तिने पायरीवर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "मंग आईला म्हाईत," म्हणाली. मी तिला तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. तिने थोरल्या जावेकडे पाहिलं, आणि थोरलीने ते सांगितलं. मग दोघी डोंगराकडे चालू लागल्या.

त्या संध्याकाळी मी देव फडताळातून काढले. शांत वाटलं, असं खोटं लिहिणार नाही. आईने माझ्या खिडकीशी एक भिजलेली बाई धाडली आणि तिच्या तोंडून एक शब्द वदवला, एवढी कृपा मला उमगते, आणि तेवढ्यासाठी मी जन्मभर तिचा ऋणी आहे. बाकीचा हिशेब माझ्या बुद्धीने लागत नाही, तो मी तिच्या पायाशी ठेवला आहे. नोकरी संपेपर्यंत बंदराचं नाव मी पुन्हा कधी तोडलं नाही. आता रोज निरांजन लावताना आधी बायकोचं नाव घेतो, मग दर्यात गेलेल्या त्या माणसाचं. तेही पुरतं घेतो, बापाच्या नावासकट.